मुरुमांच्या वणांवर कोणता उपचार?

तारुण्यपीटिका म्हणजे तारुण्याची खूण, असे वडीलधारी माणसे थट्टेने म्हणतात. परंतु मुरूम जाऊन ज्याच्या गालावर खड्डे राहिले, त्याला ही थट्टा झोंबते. मुलगी असेल तर लग्नाच्या बैठकीतही त्यांची चर्चा होते. म्हणूनच ‘एकदा लेसर केला की चेहरा स्वच्छ’ अशा जाहिरातींची भुरळ पडते. त्यांत तथ्य किती, हे येथे थोडक्यात मांडते.

प्रथम डाग आणि खड्डा यांत फरक करावा. मुरूम बसल्यावर उरणारा काळसर डाग केवळ रंगाचा असतो. तो बहुधा काही महिन्यांत फिका होतो. उन्हापासून जपणे हा मुख्य उपाय. खड्ड्याची गोष्ट निराळी. तेथे सुजेमुळे त्वचेतील आधारतंतू नष्ट झालेले असतात. हळद, लिंबू लावून तो भरत नाही.

खड्डेही तीन प्रकारचे. काही अरुंद व खोल, जणू दाभणाने टोचलेले. त्यांच्या तळाशी डॉक्टर तीव्र आम्लाचा सूक्ष्म थेंब लावतात. काही रुंद, उभ्या कडांचे. त्यांना लेसर किंवा बारीक सुयांचा रोलर उपयोगी पडतो. काही उथळ, लाटांसारखे. तेथे त्वचेला खाली ओढून धरणारे तंतू सुईने सोडवतात. एकाच चेहऱ्यावर बहुधा एकाहून अधिक प्रकार असतात, म्हणून एकच उपचार पुरत नाही.

लेसर आणि रोलर यांत श्रेष्ठ कोण? दोन्ही त्वचेला मोजकी इजा करून नवे तंतू तयार करवतात. २००४ साली पुढे आलेल्या ठिपक्याठिपक्यांच्या लेसर पद्धतीने जखम लवकर भरू लागली. तरीही आपल्या सावळ्या त्वचेवर लेसरनंतर काळे डाग पडण्याचा धोका अधिक. रोलरमध्ये तो कमी आणि खर्चही बहुधा कमी. मात्र महिन्याच्या अंतराने अनेक वेळा जावे लागते. कशानेही खड्डे पूर्ण बुजत नाहीत, उथळ होतात.

ओझरच्या परिसरात आणखी एक विचार हवा. आपल्यापैकी कित्येकजण छाटणी-तोडणीच्या दिवसांत द्राक्षबागेत राबतात. उपचारानंतर काही आठवडे ऊन टाळावे लागते. तेव्हा हंगाम पाहूनच वेळ ठरवावी. नवे मुरूम येत असतील तर आधी ते आटोक्यात आणावेत. दुकानातून आणलेली स्टिरॉइडयुक्त गोरेपणाची मलमे तर मुरूम वाढवतात.

मित्रमैत्रिणींनो, मुरूम फोडू नका आणि वेळीच त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. वण पडूच न देणे हा सर्वांत स्वस्त उपचार आहे.