दिव्याला जमीन, पाटीला नाही

तुळजापूरच्या भवानीच्या देवळात पुजाऱ्यांनी कसे वागायचे आणि शिस्त मोडली तर काय शिक्षा, हे ज्या नियमावलीने बांधून दिले ती १९०९ सालची, निजामाच्या अमलातली. तिचे नाव 'देऊळ कवायत'. बेशिस्त पुजाऱ्याला देऊळबंदी करण्याचा अधिकारही तिच्यात आहे. निजाम गेला, भाषावार राज्ये झाली, जिल्ह्याचे नाव उस्मानाबादचे पुन्हा धाराशिव झाले, तरी ही कवायत मंदिराच्या कारभारात चालूच राहिली. मुसलमान राजवटीने हिंदू देवस्थानासाठी केलेला नियम लोकशाही सरकारचे अधिकारी हातात धरून बसले, यात विसंगती दिसेल. पण धर्मादाय जमिनींचा सगळा इतिहासच असा आहे. राज्य कोणाचेही असो, दप्तर जुनेच चालते.

तुळजापूरचा हा धाराशिव जिल्हा तसा थेट इंग्रजी मुलूख नव्हता. मधली सात वर्षे मात्र होता. फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ च्या तहात निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर हा भागही कंपनीच्या हवाली केला आणि १८६० मध्ये तो परत मिळवला. त्या दिवसांत नळदुर्गला बसून जिल्हा हाकणारा अधिकारी म्हणजे फिलिप मेडोज टेलर, 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिणारा कादंबरीकार. जिल्ह्याचे ठाणे तेव्हा नळदुर्ग होते. धाराशिवला ते १९०४ मध्ये आले.

पुढे निजामाचे दिवाण सालारजंग यांनी हैदराबादचा कारभार नव्याने लावला, जिल्हे-तालुके आखले, आणि इनामांची तपासणी हा महसुलाचा मोठा उद्योग झाला. 'अतियात'च्या चौकशीत सनद पाहायची, वहिवाट पाहायची आणि खात्री पटली की 'मुन्तखब' द्यायचा. कोणता सर्व्हे नंबर, कोणाच्या नावे, कोणत्या सेवेसाठी, वारसांचे वाटे किती, हे सगळे त्या कागदात. मदतमाश जमीन माणसाच्या पोटासाठी, तर खिदमतमाश जमीन देवाच्या, दर्ग्याच्या किंवा मशिदीच्या सेवेसाठी. दुसरीला अट अशी की सेवा चालू असेल तोवर उत्पन्न खा, जमीन विकू नका. दिवाबत्ती, नैवेद्य, बांग, झाडलोट, उरूस, पालखी अशी सेवेची शेकडो रूपे. देखरेखीला 'उमूर-ए-मजहबी' हे खाते होते, आणि त्याच्या नजरेखाली मशिदी होत्या तशी देवळेही होती.

या सगळ्या तपशिलात पाटी-पेन्सिल शोधली तर ती फारशी हाती लागत नाही. मठातला शास्त्री शिष्याला शिकवी, मशिदीतला मुल्ला पोरांना हरफ गिरवायला लावी, गावचा पंतोजी धुळाक्षरे घटवून घेई आणि शिधा, सणावाराची पोस्त यांवर जगे. शास्त्री आणि मुल्ला देवाच्या जमिनीवर जगत, म्हणजे शिक्षण आडवाटेने इनामावरच चाले. पण कागदावर नोंद दिव्याची. टेलरच्या 'तारा' (१८६३) या कादंबरीची सुरुवात तुळजापुरात होते आणि तिची नायिका ही तिथल्या शास्त्र्याची संस्कृत शिकलेली बालविधवा मुलगी आहे. गोष्ट कल्पित, काळ शिवाजीचा. पण तीर्थक्षेत्री विद्या घरात आणि मठात असते, एवढे त्या साहेबाच्या नजरेने टिपले होते.

शिक्षणासाठी उत्पन्न लावून देणे आपल्याकडे कोणाला सुचलेच नव्हते असे मात्र नाही. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोनहदेवाने त्याला उत्पन्न लावून दिले. लेखाचा काही भाग मराठीत आहे. सातशे वर्षांनंतरच्या महसुली दप्तरांत असा स्पष्ट हेतू सहसा सापडू नये, याला अधोगतीच म्हणावे लागेल.

देवाच्या जमिनीचा हेतू बदलला की काय होते, याचे एक जुने वासाहतिक उदाहरण गोव्यात आहे. तिसवाडीतली देवळे पाडली गेली, आणि त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न १५४१ साली चर्चच्या कामासाठी वळवण्यात आले. गावकऱ्यांनी संमती दिली असे कागद सांगतो. ती कितपत खुशीची होती हे ज्याचे त्याने ओळखावे. याच उत्पन्नातून स्थानिक मुलांना शिकवणारे जुन्या गोव्यातले सेंट पॉल कॉलेज पोसले गेले. पुढे ते जेझुइटांच्या हाती गेले. नैवेद्याच्या शेतावर लॅटिनचा धडा उभा राहिला.

हैदराबाद राज्यात असला बळाचा प्रकार घडला नाही. तिथे चर्चला जमीन मिळाली ती अर्ज-विनंतीने. नारायण शेषाद्री हे १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले ब्राह्मण, फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी. जालन्याच्या छावणीलगत काम करताना नारायणरावांनी सालारजंगांच्या सरकारकडून जमीन मिळवली आणि १८७० च्या सुमारास 'बेथेल' नावाचे गाव वसवले. चर्च, शाळा, शेती एका जागी. रहिवासी बहुतांश मांग समाजातून आलेले. ज्यांना गावच्या पंतोजीने ओट्याखालीही बसवले नसते त्यांची मुले इथे जमिनीच्या आधाराने शाळेत बसली. धर्मांतराबद्दल मत काहीही असो, मराठवाड्यात शाळेचा आणि जमिनीचा असा उघड संबंध जोडणारे हे ठळक उदाहरण आहे. देवस्थानांच्या कारभाऱ्यांना ते सुचले नाही, कारण त्यांना तसे कोणी विचारलेच नाही.

खालसा मुलखात इंग्रजांनी वेगळी वाट धरली. पेशव्यांच्या दक्षिणेची रक्कम एल्फिन्स्टनने बंद न करता तिच्या आधारावर १८२१ मध्ये पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. तोच फंड पुढे शिष्यवृत्त्यांकडे वळला. नळदुर्गच्या वेशीपलीकडे सोलापूर, तिथे मुंबई सरकार. तिथले इनामदार १८५२ च्या कायद्याने आलेल्या इनाम कमिशनने धास्तावले होते.

विसाव्या शतकात निजामी सरकारने शाळा काढल्या, पण सरकारी विद्येची भाषा उर्दू. १९२४ च्या नियमाने खाजगी शाळेला सरकारी परवानगी लागू लागली आणि राज्यातल्या खाजगी शाळांची संख्या झपाट्याने घसरली. त्या आधीच, १९२१ मध्ये, आजच्या लोहारा तालुक्यातल्या हिप्परगा येथे व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा सुरू केली होती. व्यंकटेश खेडगीकर इथे शिक्षक म्हणून आले, १९३२ मध्ये इथेच संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले, आणि पुढे अंबाजोगाईला गेले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व घडले ते सरकारी धर्मादायाच्या कक्षेबाहेरच्या या खेड्यातल्या शाळेत.

निजामी राज्य गेल्यावर, १९४८ नंतर, कायदे बदलले. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याने वैयक्तिक इनामे गेली, पण धार्मिक व धर्मादाय संस्थांच्या सेवा-जमिनी वगळल्या गेल्या. म्हणून मराठवाड्यात खिदमतमाश जमीन आजही जिवंत विषय आहे. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोनचा शेरा पडला की विक्री अडते, बँकेत कर्ज मागताना अडचण येते. भांडण लागले की तहसिलीत उर्दू मुन्तखब वाचणारा माणूस शोधावा लागतो. फसली साल इसवीत काढायचे, जुन्या सर्व्हे नंबराचा गट नंबर जुळवायचा, मग वकील. कसणारा तीन पिढ्यांचा, पुजारी किंवा मुतवल्ली पाच पिढ्यांचा, आणि दोघांचेही म्हणणे कागदाला धरून.

तुळजापुरात मात्र शिक्षणाचे खाते शेवटी उघडले. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या मंदिर संस्थानाने १९८३ मध्ये श्री तुळजाभवानी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. संस्थानाचे सैनिकी विद्यालयही तिथेच आहे. आई राजा उदो उदो म्हणत दर्शनरांगेत उभ्या राहणाऱ्या कुणब्याच्या मुलाला याच गावात इंजिनिअर होता येते, आणि संस्थेच्या पाटीवर नाव भवानीचेच असते.