मोडीला चिठ्ठी, पैशाला दोन डबे

भंडारा म्हटलं की पितळेची भांडी आठवतात. या धंद्यात ग्राहक जुनी मोड आणतो, तिचं वजन होतं आणि नव्या भांड्याच्या किमतीतून मोडीचे पैसे वजा होतात. आता "वजन नंतर लिहू" म्हणालात आणि तेवढ्यात घरून जेवायला हाक आली, तर? संध्याकाळी वाद नक्की!

म्हणून तीन सवयी लावा:

१. भांडं काट्यावर असतानाच वजन वहीत लिहा. मोडीला नाव-तारखेची चिठ्ठी बांधा.

२. गल्ला आणि घरखर्च, डबे वेगळे. घराला महिन्याची ठरलेली रक्कमच द्या. नाहीतर भांडवल किराण्यात जातं आणि आपल्याला वाटतं, धंदाच चालत नाही.

३. रात्री दहा मिनिटं वही आणि गल्ला जुळवा.

मग सांगा, तुमची वही आज कुठवर लिहून झालीय?