पांढरे उंदीर पाळताना

पोरांच्या हट्टापायी आम्ही पांढऱ्या उंदरांची जोडी घरी आणली. "दोन्ही माद्या आहेत," दुकानदार छातीठोकपणे म्हणाला. तीन आठवड्यांत पिंजऱ्यात सात पिल्ले! उंदरीण एकवीस दिवसांत विते आणि लगेच पुन्हा गाभण राहते. नर वेगळा ठेवायचा असतो, हे आम्हाला तेव्हा कळले.

आमची आई पिंजऱ्याकडे फिरकेना. जन्मभर धान्याच्या डब्यावरून उंदीर हाकलले, आता त्यांनाच चारायचे? तिचेही खरेच. पुण्यात उंदीर म्हटला की प्लेग आठवतो. त्या साथीत रुग्णसेवा करताना सावित्रीमाई १० मार्च १८९७ रोजी गेल्या. उंदरावरची पिसू हा रोग पसरवते, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी पुढच्या वर्षी कराचीत दाखवले.

पिंजऱ्यात वाढलेल्या उंदराची गोष्ट वेगळी. मात्र गटारातला उंदीर त्याच्या दाण्यापाशी येता कामा नये. त्याच्या मुतातून लेप्टो होतो. पिंजरा उंचावर टांगावा, भुसा वरचेवर बदलावा, हात साबणाने धुवावेत. दात आयुष्यभर वाढतात, म्हणून कुरतडायला लाकडाचा तुकडा द्यावा. नकोसे झाले म्हणून मोकळे सोडू नयेत, मांजर तासाभरात गट्टम करते. आयुष्य जेमतेम दोन वर्षांचे, हे मुलांना आधीच सांगावे.

आई अजून पिंजऱ्याला हात लावत नाही. बाजरी निवडताना मूठभर बाजूला काढते, एवढेच.