ई-सिगारेट : तापमानावर ताबा, पण तारेचे काय?

या सदरासाठी अलीकडे एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले. त्यांचा थोरला मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असतो. पूर्वी तो दिवसाला दहा सिगारेटी ओढत असे. त्या त्याने सोडल्या आणि आता तो विजेवर चालणाऱ्या यंत्रातून वाफ ओढतो. दिवाळीला घरी आला तेव्हा ते यंत्र त्याच्या खिशात होते. "बाबा, याला टेंपरेचर कंट्रोल आहे, तार स्टेनलेस स्टीलची आहे, यात काही जळतच नाही, मग अपाय कसला?" असे त्याचे म्हणणे. गुरुजींची काळजी मात्र धाकट्याबद्दल आहे. तो कॉलेजात शिकतो, विडी-सिगारेटला त्याने कधी हात लावला नाही, पण भावाचे ऐकून त्यालाही आता हे निर्धोक वाटू लागले आहे. यात तथ्य किती, असे गुरुजी विचारतात.

थोरल्याचे म्हणणे निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे समजून घ्यायचे तर यंत्राच्या आत डोकवावे लागेल.

ई-सिगारेटचे आजचे रूप होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ साली तयार केले. आत एक बॅटरी, एक लहानशी टाकी, आणि तारेचे बारीक वेटोळे असते. वेटोळ्यात कापसाची वात असते. समईची वात जसे तेल ओढून घेते तशी ही वात टाकीतला द्रव ओढते. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाची द्रव्ये आणि बहुधा निकोटीन असते. बटण दाबले की तार तापते आणि द्रवाची वाफ होते. प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळते, ग्लिसरीन २९० अंशांना. म्हणजे ही वाफ चहाच्या वाफेसारखी नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे.

खरी अडचण वात कोरडी पडल्यावर येते. ओली वात तारेची उष्णता शोषत असते. द्रव संपला किंवा झुरके भराभर घेतले की तारेला थंड ठेवणारे काही उरत नाही आणि ती पाहता पाहता लालबुंद होते. मग कापूस करपतो, ग्लिसरीनचे विघटन होते आणि फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिन असे विषारी वायू तयार होतात. कढईतले तेल जास्त तापून धूर निघाला की डोळे चुरचुरतात व ठसका लागतो. त्या धुरात हेच अ‍ॅक्रोलिन असते. फॉर्मल्डिहाइड कर्करोगाला कारण होणाऱ्या पदार्थांत मोडते. अमेरिकेतील पोर्टलंड राज्य विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली एक यंत्र ३.३ व्होल्टवर व ५ व्होल्टवर चालवून पाहिले. कमी दाबावर फॉर्मल्डिहाइडची संयुगे सापडली नाहीत, जास्त दाबावर भरपूर सापडली. त्यावर इतर तज्ज्ञांनी आक्षेप घेतला, की इतकी करपलेली वाफ कोणी ओढूच शकणार नाही, पहिल्याच झुरक्याला टाकून देईल. मला हा आक्षेप बराचसा रास्त वाटतो. तरीही धोक्याची सूचना जिभेने द्यावी अशी व्यवस्था फुफ्फुसासाठी पुरेशी आहे, असे मी कोणत्याही रुग्णाला सांगणार नाही.

याच अडचणीवर तोडगा म्हणून २०१४ च्या सुमारास तापमान राखणारी यंत्रे बाजारात आली. त्यांची युक्ती हुशारीची आहे. आपल्या घरच्या इस्त्रीत तापणारी तार वेगळी आणि उष्णता ओळखून वीज तोडणारी पट्टी वेगळी. या चिमुकल्या यंत्रात तेवढी जागा नाही, म्हणून तारेलाच तापमापक बनवले आहे. विजेच्या प्रवाहाला तारेत जो अडथळा होतो त्याला शाळेत आपण 'रोध' म्हणून शिकलो. काही धातूंचा रोध तापल्यावर ठरावीक हिशेबाने वाढतो. तो किती वाढला हे मोजून यंत्र तापमानाचा अंदाज करते आणि ठरवलेला आकडा गाठला की वीज कमी करते.

तारेचा धातू महत्त्वाचा ठरतो तो इथे. शुद्ध निकेलची तार २० अंशांवरून २२० अंशांवर गेली तर तिचा रोध दुपटीहून थोडा अधिक होतो. टिटॅनियमचा सुमारे सत्तर टक्क्यांनी वाढतो, स्टेनलेस स्टीलचा जेमतेम अठरा-वीस टक्क्यांनी. कांथल ही लोखंड, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियम यांची मिश्र धातू. तिचा रोध जवळजवळ बदलतच नाही. नायक्रोम, म्हणजे निकेल-क्रोमियमची तार, जी इस्त्रीत व शेगडीत असते, तीही त्याच पंक्तीतली. शेगडीसाठी हा गुण उत्तम, पण तापमान मोजायला त्याचा काही उपयोग नाही. कांथलची तार बसवलेल्या यंत्राच्या पडद्यावर कोणी तापमान दाखवत असेल, तर त्या आकड्याला अर्थ नाही.

आणि अर्थ असतो तेव्हाही तो अंदाजच असतो. समजा तार स्टीलची आहे, पण यंत्रात निवड निकेलची राहून गेली. स्टील २२० अंशांवर पोचले तरी रोध अठरा टक्केच वाढलेला असतो. निकेलच्या कोष्टकाप्रमाणे यंत्राला वाटते, तार पन्नास अंशांवर आहे. ते वीज देतच राहते आणि वात करपते. दुसरे उदाहरण घ्या. निकेलच्या तारेचा रोध ०.१० ओहम आहे, पण स्क्रू ढिला असल्याने सांध्यावर ०.०२ ओहमची भर पडली. यंत्राने आरंभीचा रोध ०.१२ धरला. आता हिशेब करा : पडद्यावर २२० दिसेल तेव्हा तार २६० अंशांच्या आसपास असेल. तार गरम असतानाच यंत्राला जोडली तरी असाच घोळ होतो. शिवाय मोजला जातो तो संपूर्ण तारेचा मिळून रोध. एखाद्या ठिकाणी वात कोरडी पडून तेवढाच भाग भडकला, तरी सरासरीत ते लपून जाते.

तरीदेखील तार, निवड आणि जोडणी बरोबर असेल तर करपण्याचा धोका या सोयीने कमी होतो, एवढे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण तारेतून जे येते त्याचे काय? जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली ५६ वापरणाऱ्यांची यंत्रे तपासली. बाटलीतल्या द्रवात धातू नगण्य होते. तोच द्रव तारेच्या संगतीत आल्यावर त्यात आणि वाफेत निकेल, क्रोमियम व शिसे वाढलेले आढळले. शिसे आले कोठून, याचा उलगडा त्यांनाही झाला नव्हता. स्टेनलेस स्टील म्हटले की आपल्याला स्वयंपाकघरातली भांडी आठवतात व मन निश्चिंत होते. पण त्याच स्टीलमध्ये क्रोमियम व निकेल असतात. नकली कानातल्यांनी ज्यांचे कान चिघळतात त्यांना बहुधा निकेलचीच अ‍ॅलर्जी असते. अशांनी निकेलच्या तारेवरची वाफ छातीत घेणे म्हणजे दुखणे ओढवून घेणे आहे. टिटॅनियम आणि निकेल यांच्या तारा साफ करण्यासाठी कोरड्या लाल करू नयेत, असे वापरणारेच एकमेकांना बजावतात. टिटॅनियमवर त्यामुळे पांढरी भुकटी धरते, आणि ती श्वासावाटे जाते.

वासाच्या द्रव्यांवरही तापमानाच्या बटणाचा ताबा नाही. खाण्यास चालणारा पदार्थ हुंगण्यासही चालतो असे नाही. पोटाजवळ आम्ल आहे, यकृत आहे. फुफ्फुसाच्या पातळ पडद्याजवळ तसली तयारी नाही. २०१९ साली अमेरिकेत वाफ ओढणाऱ्यांत फुफ्फुसाच्या गंभीर दुखण्याची साथच आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ जण रुग्णालयात दाखल झाले वा दगावले, त्यांत ६८ मृत्यू होते. बहुतेकांनी गांजातील द्रव्य असलेला द्रव वापरला होता आणि त्यात मिसळलेल्या ई जीवनसत्त्वाच्या एका संयुगावर मुख्य ठपका आला. गुरुजींच्या मुलाच्या टाकीत ते असेल असे मी म्हणत नाही. पण टाकीत काय आहे हे कोणतेही यंत्र ओळखत नाही. निकोटीनचेही तेच. त्याची चटक तार कोणतीही असो, लागायची ती लागतेच.

तर आता दोन्ही मुलांविषयी. ब्रिटनच्या आरोग्यसेवेचे मत असे, की आधीच सिगारेट ओढणाऱ्या प्रौढाने ती पूर्ण सोडून वाफ घेतली तर अपाय पुष्कळ कमी होतो. कमी होतो, संपत नाही. म्हणून थोरल्याला रागावून पुन्हा सिगारेटकडे ढकलू नये. निकोटीन हळूहळू कमी करत वाफही सोडायची, असे त्याच्याशी ठरवावे. मात्र ते यंत्र पुढच्या खेपेस त्याने तिकडेच ठेवून यावे. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्री, आयात, साठा, जाहिरात सारेच बंद आहे आणि विक्री वा आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकते. चोरून मिळणाऱ्या मालातली तार कसली, हे तर विकणाराही सांगू शकत नाही.

धाकट्याच्या बाबतीत हा 'कमी अपाय' लागूच पडत नाही. ज्याने सिगारेट ओढलीच नाही त्याने तुलना करायची ती घराबाहेरच्या स्वच्छ हवेशी. त्याला हा तारेचा हिशेब वाचायला द्यावा. कॉलेजात विज्ञान असेल तर माझ्याहून लवकर समजेल.

तंबाखू वा निकोटीन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११२-३५६ हा सरकारी मोफत दूरध्वनी आहे. निकोटीनच्या गोळ्या व च्युइंगम औषध दुकानात मिळतात, पण मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. वाफ ओढणाऱ्यास दम लागणे, छातीत दुखणे, ताप, उलट्या असे काही झाले तर डॉक्टरांपासून काही लपवू नये. आणि घरात नातवंडे असतील तर ती द्रवाची बाटली कुलपात ठेवावी. तिला फळांचा वास येतो, मूल ती सहज तोंडाला लावते, आणि निकोटीनचे थोडे घोटही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात. तसे झाल्यास ओकारी काढण्यात वेळ न घालवता बाटलीसह थेट रुग्णालय गाठावे.