'मिरासदार' : एक संज्ञा, दोन अर्थविश्वे

'मिरासदार' हा शब्द मराठी आणि तमिळ या दोन्ही भाषांत रूढ आहे. त्यामुळे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत अनुवाद करताना तो तसाच ठेवावा, असे प्रथमदर्शनी वाटते. मात्र या संज्ञेचा इतिहास पाहता शब्द एक असला तरी त्यातून सूचित होणारा सामाजिक संबंध एक नाही, हे लक्षात येते.

'मिरास' हा मूळ अरबी शब्द 'वारशाने मिळणे' या अर्थाच्या धातूपासून सिद्ध झाला आहे. मराठीतील 'वारस' आणि 'वारसा' हे शब्दही त्याच धातूपासून आलेले आहेत. 'दार' हा धारण करणारा या अर्थाचा फारसी प्रत्यय होय. म्हणजे व्युत्पत्तीत जमिनीचा निर्देश नाही; आहे तो केवळ वारसाहक्काचा. म्हणूनच मराठी कागदपत्रांत पाटीलकीसारख्या वतनांनाही 'मिरास' म्हटलेले आढळते, तर पंजाबात वंशावळी जतन करणारा गायक-वादक समाज 'मिरासी' म्हणून ओळखला जातो.

दख्खनमध्ये मिरासदार किंवा थळकरी म्हणजे ठरलेला सारा भरून वंशपरंपरेने जमीन धारण करणारा शेतकरी. ती जमीन विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क त्याला होता. 'उपरी' कुळाला तो नव्हता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये दिलेल्या अहवालात या हक्काची विशेष दखल घेतली आहे. हा मिरासदार बहुधा स्वतः शेतात राबणारा कुणबी होता.

तमिळ प्रदेशात हीच संज्ञा 'काणियाट्चि' या जुन्या देशी हक्काला लावली गेली. एफ. डब्ल्यू. एलिसने १८१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात या हक्काची चिकित्सा केली. कावेरीच्या खोऱ्यात मिरासदार प्रायः ब्राह्मण वा वेळ्ळाळ असत. प्रत्यक्ष नांगर धरणारे हात मात्र दलित शेतमजुरांचे असत. दख्खनमध्ये मिरासदार आणि उपरी यांच्यातील भेद मुख्यतः हक्काच्या शाश्वतीचा होता; तंजावर भागात मिरासदार आणि मजूर यांच्यातील भेद जातीचा आणि श्रमाचाही होता.

२५ डिसेंबर १९६८ रोजी तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणि येथे मजुरीच्या संघर्षातून ४४ दलितांना जाळून मारण्यात आले. इंदिरा पार्थसारथी यांच्या 'कुरुदिप्पुनल' (१९७५) या कादंबरीला याच घटनेची पार्श्वभूमी आहे. या घटनेच्या संदर्भात 'मिरासदार' हा शब्द वाचताना मराठी वाचकाच्या मनात कष्टाळू थळकरी उभा राहिला, तर संघर्षाची दोन्ही टोकेच पुसली जातात.

आजच्या मराठीत 'मिरासदारी' म्हणजे मक्तेदारी. शब्दाची ही छटा तंजावरच्या अर्थाला अधिक जवळची आहे. तथापि ती आधुनिक छटा जुन्या दख्खनी कागदांवर लादणेही तितकेच चुकीचे ठरेल. त्यामुळे अशा संज्ञेचा अनुवाद करताना हक्क कोणता, एवढे पाहून भागत नाही. तो हक्क कोणाच्या श्रमावर उभा आहे, हेही पाहावे लागते.