नंबर तोच, कंपनी नवी : पोर्टचा मेसेज पाठवायच्या आधी

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीची व्हॉइस नोट आली. मूळची कोल्हापूरची, पुण्यात शिकते. हॉस्टेलच्या खोलीत रेंजच नाही, फोनवर बोलायचं तर जिन्यात जाऊन उभं राहायचं. नंबर मात्र सोडता येत नाही. बँक त्याच नंबरवर, आधार त्याच नंबरवर, स्कॉलरशिपच्या फॉर्मवर पण तोच. मग तिने एका शुक्रवारी पोर्टचा मेसेज ठोकला, कोड आला, दुकानात गेली. तिथे कळलं की सिम बाबांच्या नावावर आहे. बाबा कोल्हापुरात. त्यांना पुढच्या आठवड्यात वेळ मिळाला तोपर्यंत कोड संपलेला!

आता बघा, तिने नियमाबाहेरचं काहीच केलं नव्हतं. फक्त शेवटी करायचं काम पहिलं केलं.

आधी हे पोर्टिंग आहे काय, ते दोन मिनिटांत. आपल्याकडे ही सोय २०१० च्या नोव्हेंबरमध्ये हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ ला देशभर आली. त्याआधी पहिले चार-पाच आकडे बघून लोक कंपनी ओळखायचे. आता तसं ओळखता येत नाही. तुम्हाला कुणी फोन लावला की त्याची कंपनी आधी एका डेटाबेसमध्ये बघते, हा नंबर सध्या कुणाकडे आहे, आणि कॉल तिकडे पाठवते. म्हणजे नंबर कुठे उचलून नेलेला नसतो, त्याच्यापुढची नोंद बदललेली असते. सुरुवातीला हे एका सर्कलच्या आतच चालायचं. जुलै २०१५ पासून दुसऱ्या राज्यात गेलात तरी नंबर सोबत नेता येतो.

आता मेसेज. इंग्रजीत पोर्ट हा शब्द, एक स्पेस, पुढे तुमचा दहा आकडी नंबर, आणि पाठवायचा १९०० ला. उत्तरात आठ अक्षरांचा कोड येतो, त्याला यूपीसी म्हणतात. पूर्वी स्वस्तातल्या रिचार्जवर एसएमएसच नसायचे, त्यामुळे हा मेसेजही जायचा नाही. कंपनी सोडायची तर आधी तिचंच महागडं रिचार्ज मारा, असा प्रकार! डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायने आदेश काढला की कुठलाही प्लॅन असो, १९०० चा मेसेज जाऊ द्यायचा.

हा कोड ४ दिवस चालतो. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडच्या राज्यांत ३० दिवस. संपला तर पुन्हा मागवता येतो, त्यामुळे आपल्या मैत्रिणीचं फार बिघडलं नाही. एक फेरी वाया गेली एवढंच.

पण कोड येतच नाही असंही होतं, आणि खरी डोकेदुखी ती. डिसेंबर २०१९ पासून कोड द्यायच्या आधीच तपासणी होते. सध्याच्या कंपनीत तुम्हाला ९० दिवस झालेले हवेत. आधी एकदा पोर्ट केलं असेल तर तेव्हापासून ९० दिवस. पोस्टपेड असेल तर मुदत उलटून गेलेलं बिल थकलेलं नको. ऑफिसने दिलेलं सिम असेल तर ऑफिसचं अधिकृत पत्र लागतं, म्हणून नोकरी सोडताना नंबर ठेवायचा असेल तर ते शेवटच्या दिवसाआधीच मागून घ्या. आणि १ जुलै २०२४ पासून आणखी एक : सिम हरवलं, खराब झालं म्हणून बदलून घेतलं, तर त्यानंतर ७ दिवस कोड मिळत नाही. वैताग आहे, पण कारण रास्त आहे. चोर तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम काढायचा आणि लगेच नंबर दुसऱ्या कंपनीत पळवायचा, तुमचे ओटीपी त्याच्याकडे!

म्हणूनच हा कोड ओटीपीसारखाच जपायचा. 'कंपनीतून बोलतोय, मेसेजमधला कोड सांगा' असा फोन आला तर सरळ कट करा.

बाबांच्या नावाचा मुद्दा मात्र जरा नीट बोलू, कारण आपल्यापैकी निम्म्यांची हीच कथा असणार. दहावी-बारावीत पहिला फोन मिळतो, सिम आई किंवा बाबांच्या आधारवर. नंतर ते कुणाच्या लक्षातही राहत नाही. नवीन कंपनी केवायसी नव्याने करते, तेव्हा ज्याच्या नावावर नंबर आहे त्याने स्वतः हजर राहायचं. दुकानदार म्हणेल, 'चालतंय की, तुझंच आधार दे.' नाही म्हणा. नंबर आपल्या नावावर करायचा तर त्याचा अर्ज जुन्या कंपनीत वेगळा करायचा. तो अर्ज लटकलेला असताना पोर्टचा कोड मिळत नाही, म्हणून दोन्ही कामं एकदम काढू नका.

दुकानावरून आठवलं. रस्त्याकडेला छत्री लावून बसलेले सिमवाले अंगठा घेतात. 'मशीनने घेतला नाही, परत लावा' म्हणाले तर जरा थांबा. कधी खरंच घेतलेला नसतो, पण याच युक्तीने लोकांच्या नावावर जास्तीची सिम काढल्याचे प्रकारही झालेत. आपल्या नावावर किती नंबर आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. एकदा बघून घ्याच.

पैशांचं म्हणाल तर पोर्टिंगचं शुल्क जास्तीत जास्त ६ रुपये ४६ पैसे. तोटा होतो तो वेगळ्याच ठिकाणी : प्रीपेडचा उरलेला बॅलन्स आणि उरलेले दिवस नव्या कंपनीत येत नाहीत. वर्षाचं रिचार्ज मारून दोन महिन्यांत पोर्ट केलंत तर ते पैसे गेले. पोस्टपेडवाल्यांना पोर्ट झाल्यावर शेवटचं बिल येतं. माझ्या एका मित्राने 'आता काय संबंध' म्हणून ते भरलंच नाही आणि नव्या कंपनीत असूनही त्याचा नंबर बंद झाला. जुन्या कंपनीला तशी मागणी करता येते.

अर्ज दिला की त्याच सर्कलमध्ये ३ कामाचे दिवस, दुसऱ्या सर्कलमध्ये ५. मुंबई आणि महाराष्ट्र ही दोन वेगळी सर्कल आहेत बरं का, गोवा महाराष्ट्रात धरलेला. मन बदललं तर २४ तासांच्या आत कॅन्सल लिहून, पुढे नंबर, असा मेसेज १९०० ला पाठवता येतो. जुन्या कंपनीचे गोडगोड फोन याच काळात येतात, तेव्हा ऑफर नीट ऐकून घ्यायला हरकत नाही! तोवर जुनं सिम फोनमध्येच ठेवायचं. ते बंद पडलं की नवीन टाकायचं, मध्ये काही तास फोन मुका असतो. व्हॉट्सअ‍ॅपला काही होत नाही. यूपीआय अ‍ॅप मात्र पुन्हा नंबर तपासायला सांगेल, म्हणून त्या दिवशी खिशात थोडी रोकड असू द्या.

आपली मैत्रीण आता गणपतीला घरी जाणार आहे. दुकानात बाबांच्या शेजारी उभी राहूनच मेसेज पाठवणार म्हणाली. कोल्हापूर आणि पुणे एकाच सर्कलमध्ये, त्यामुळे सुट्टी संपायच्या आत काम व्हायला हवं. मी तिला एवढंच विचारलं, की नव्या कंपनीची रेंज खोलीत येते हे बघितलंस का? तर नव्हतं बघितलं. मग रूममेटचं सिम दहा मिनिटं मागून घेतलं. खिडकीपाशी तीन दांड्या, पलंगावर दोन. चालतंय म्हणाली.