विभक्त पालक आणि करविषयक अवलंबित अपत्य (अमेरिका)

अमेरिकेत आई-वडील वेगळे राहत असल्यास अपत्याला आयकर विवरणपत्रात आपले 'अवलंबित' म्हणून कोणी दाखवावे, हे संघीय अंतर्गत महसूल संहितेच्या कलम १५२ नुसार ठरते. एका करवर्षात एक अपत्य एकाच पालकाच्या विवरणपत्रात अवलंबित म्हणून येऊ शकते. ते दोघांत निम्मे-निम्मे वाटून घेण्याची सोय नाही.

रात्रींची मोजणी

हा अधिकार प्रथमतः ताबाधारक पालकाचा असतो. ताबाधारक कोण, हे न्यायालयाच्या आदेशातील शब्दावरून नव्हे, तर वर्षभरात अपत्य कोणाकडे अधिक रात्री राहिले यावरून ठरते. मूल मैत्रिणीकडे मुक्कामाला गेले, तर ती रात्र एरवी ज्या पालकाकडे गेली असती त्याच्या खात्यात जमा होते. रात्रपाळी करणाऱ्या पालकाच्या बाबतीत रात्रींऐवजी दिवस मोजण्याची तरतूद आहे. लीप वर्षात १८३-१८३ अशी बरोबरी होऊ शकते. तेव्हा ज्याचे समायोजित ढोबळ उत्पन्न अधिक, तो ताबाधारक मानला जातो. पोटगी कोण भरतो, याला या मोजणीत स्थान नाही. अनेक वडिलांचा गैरसमज होतो तो नेमका येथेच. १९८४ च्या कायद्यापूर्वी मात्र खर्चाच्या वाट्याला महत्त्व होते आणि त्यावरून हिशेबाचे तंटे होत.

नमुना ८३३२

ताबाधारक पालक नमुना ८३३२ वर स्वाक्षरी करून हा हक्क एका किंवा अनेक वर्षांसाठी दुसऱ्या पालकाला देऊ शकतो. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात 'एकाआड एक वर्ष' असे स्पष्ट लिहिलेले असले, तरी २००८ नंतरच्या हुकूमनाम्याची प्रत या नमुन्याची जागा घेऊ शकत नाही. करखाते कुटुंब न्यायालयाच्या आदेशाची अंमलबजावणी करत नाही. स्वाक्षरी मिळाली नाही, तर दुसऱ्या पालकाला पुन्हा न्यायालयाचीच पायरी चढावी लागते.

स्वाक्षरीने सर्वच लाभ हस्तांतरित होत नाहीत. बालक कर-सवलत (२०२५ साठी प्रति अपत्य कमाल २,२०० डॉलर) दुसऱ्या पालकाकडे जाते. परंतु 'कुटुंबप्रमुख' हा दर्जा, अर्जित उत्पन्न सवलत आणि पाळणाघराच्या खर्चावरील सवलत ताबाधारकाला, इतर अटी पूर्ण होत असल्यास, मिळू शकते. अवलंबितासाठीची जुनी वैयक्तिक सूट २०१८ पासून शून्य करण्यात आली असल्याने आजचा वाद प्रामुख्याने बालक कर-सवलतीचा असतो.

भारतीय कुटुंबे

अपत्य अमेरिकेचे नागरिक वा राष्ट्रीय, किंवा अमेरिका, कॅनडा अथवा मेक्सिकोचे रहिवासी असणे आवश्यक आहे. त्यामुळे एका पालकासह पुण्याला परतलेले, अमेरिकी नागरिकत्व नसलेले मूल सामान्यतः अवलंबित ठरत नाही. अमेरिकेतच राहणाऱ्या, पण सामाजिक सुरक्षा क्रमांक नसलेल्या मुलासाठी बालक कर-सवलत मिळत नाही; एच-४ व्हिसावरील बहुतेक मुले या गटात मोडतात.